चार बांगड्या, छापाच्या भावाने

मी, ह्या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे सत्तावीस, शिक्षण सातवीपर्यंत, धंदा सोन्याच्या दागिन्यांचे सांधे जोडणे, राहणार काकांच्या कारखान्यामागच्या बोळात वरच्या मजल्यावर, सध्या मुक्काम रुग्णालय, खिडकीकडची खाट, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत. परंतु मृत्युपत्राला फुप्फुसे लागत नाहीत, हे मी डॉक्टरांना विचारून घेतले आहे. मला कोणी धमकी दिलेली नाही. लाडीगोडी पुष्कळांनी लावली, ती लागू पडलेली नाही.

कारखान्यात मला मिलिग्रॅम म्हणतात. काट्याजवळ कोणी श्वास सोडला तरी मी वजन पुन्हा करतो, म्हणून हे नाव पडले. थट्टेचे असले तरी मला सगळे ह्याच नावाने ओळखतात, म्हणून सहीखालीही तेच लिहीन.

एक खुलासा आधीच करतो. खाडाखोड केलेला कागद उद्या कोणीही खोटा म्हणू शकतो. म्हणून एकदा लिहिलेले मी खोडणार नाही. काही बदलावेसे वाटले तर पुढे नवे कलम लिहीन आणि शेवटचे कलम ते खरे धरावे. वाचणाऱ्याने मध्येच उठून जाऊ नये. दादा, हे तुला आहे.

कलम पहिले. हेतू.

हे मृत्युपत्र एकाच गोष्टीसाठी आहे. माझ्यामागे माझी आई तिच्या दोन खोल्यांतून हलता कामा नये. त्या खोल्या वडिलांनी आम्हा दोघा भावांच्या नावे अर्ध्या-अर्ध्या केल्या. आईच्या नावे काही केले नाही, कारण त्यांना वाटले, दोन मुलगे असल्यावर बाईला नाव कशाला हवे. वडील भोळे होते. त्यांना सोन्यातले कळायचे, माणसातले नाही.

मागच्या आठवड्यात दादा मला भेटायला आला. माझ्यापाशी जेवढा बसला त्यापेक्षा जास्त वेळ बाहेर व्हरांड्यात आईपाशी उभा होता. ह्या खाटेवरून व्हरांड्यातले सगळे ऐकू येते, हे त्याला माहीत नव्हते.

"खोल्या विकून टाकू, आई. एकटी काय करणारेस तिथे?"

"आणि मी कुठे जाऊ?"

"माझ्याकडे. गॅलरीत पलंग टाकू ना. हवा छान येते."

"पावसाचं?"

"पडदा लावू गं जाड."

मी अजून जिवंत असताना माझ्या आईचा पलंग गॅलरीत गेला. तेव्हा मी नर्सबाईंकडून हे कोरे कागद मागून घेतले.

कलम दुसरे. खोल्यांतला माझा वाटा.

माझा अर्धा वाटा आईला. तो तिने हयात असेपर्यंत विकू नये, गहाण टाकू नये, आणि विशेषतः दादाने डोळ्यांत पाणी आणले तरी त्याच्या नावे करू नये. दादाला पाणी लवकर येते. लहानपणी मार मला पडायचा आणि रडायचा तो.

दादाच्या अर्ध्या वाट्याचे काय करायचे ते कलम पाचव्यात.

कलम तिसरे. काका.

माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, कारखान्याचे मालक. वडील गेल्यावर त्यांनी मला शाळेतून काढून कामाला बसवले. लोक म्हणाले, पोराला आधार दिला. आधार दिला हे खरे आहे. खुंटीला भिंतीचा आधार असतो तसा. टांगायला बरी पडते.

कामाची माहिती नसलेल्यांसाठी थोडे लिहितो. सोने चोवीस भागांत मोजतात. चोवीसच्या चोवीस भाग सोने असले तर ते इतके मऊ असते की दागिना टिकत नाही, म्हणून त्यात तांबे-चांदी घालतात. बावीस भाग सोने आणि दोन भाग दुसरे, तर ते बावीस कॅरट. त्यावर ९१६ असा छाप मारतात, म्हणजे हजारात नऊशे सोळा. अठरा भाग असेल तर ७५०. हा छाप आम्ही मारत नाही, तपासणी केंद्रात मारून मिळतो. गिऱ्हाईक छाप बघते आणि डोळे मिटून पैसे मोजते.

आता दागिना एकसंध नसतो. त्याला सांधे असतात, आणि सांधा जोडायला जो धातू वितळवून लावतात त्याला डाख म्हणतात. जुन्या पद्धतीच्या डाखात तांबे फार, त्यामुळे सांध्यापाशी कस उतरायचा. मग कॅडमियमचा डाख आला. तो कमी आचेवर पाण्यासारखा पळतो, सांधा दिसत नाही, आणि कसही राखला जातो, कारण कॅडमियम आचेने धूर होऊन दागिन्यातून निघून जाते.

निघून जाते म्हणजे जाते कुठे, हे मी काकांना एकदा विचारले होते.

काका म्हणाले, "खिडकीतून."

"काका, माझ्या बाकाला खिडकी नाही."

"तर मग दारातून. तुला काय पंचायत? हाताला कंप नाही तुझ्या, देवाची देणगी आहे. ती वापर."

माझ्या हाताला कंप नाही हे काकांनी माझ्या पहिल्याच आठवड्यात पाहिले. त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या हातालाही नव्हता, पण त्याला पुढे गिऱ्हाइकांत बसवले, अत्तर लावून. मी मागे बसलो. बाहेरच्यांच्या बांगड्यांचा कस शाबूत राहिला. डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि विचारले, "तू जाळत काय होतास इतकी वर्षं?" मी म्हणालो, "काही नाही, साहेब. सोनं चांगलं ठेवत होतो."

म्हणून काकांना पुढीलप्रमाणे द्यावे.

(अ) माझी फुंकणी आणि माझ्या खणात उरलेल्या कॅडमियमच्या डाखाच्या काड्या. काकांनी त्या स्वतः वापराव्यात. बाक तोच ठेवावा.

(आ) माझे कामावरचे कपडे. कारागिराच्या कपड्यांत वर्षभरात सोन्याचा कीस बसतो म्हणून ते फेकत नाहीत, जाळून राख गाळून घेतात. काकांनी हा नियम कधी मोडला नाही. घरी निघताना आमचे हात धुतलेले पाणीसुद्धा त्यांनी पिंपात साठवले. माझेही कपडे जाळावेत. राखेत काय निघेल ते काकांचे. जाळताना जवळ उभे राहावे, दूर नाही.

(इ) चोर ही पदवी. तिचे कारण कलम चौथ्यात.

कलम चौथे. बांगड्या.

माझ्या मालकीच्या चार जाड बांगड्या आहेत. त्या वडिलांनी आईला केल्या होत्या. आईने त्या मला माझ्या बायकोसाठी म्हणून, माझे लग्न ठरले त्या दिवशी, काकांच्या व दादाच्या समोर दिल्या. त्या घरी लोखंडी कपाटात आहेत. प्रत्येकीवर ९१६ चा छाप आहे.

माझे लग्न एका घड्याळजींच्या मुलीशी ठरले होते. घड्याळजींना सोन्यातले फार कळत नाही, पण ज्याचे आयुष्य भिंगातून बघण्यात गेले त्याला न दिसणारे असे थोडेच राहते. लग्नाआधी बांगड्यांचा कस बघून घेऊ म्हणून ते आमच्या कारखान्यात आले. काकांनीच कसोटीचा काळा दगड काढला, बांगडी छापापाशी घासून दगडावर रेघ ओढली आणि रेघेवर तेजाब सोडले. कस कमी असेल तर तेजाब रेघ खाते. ही रेघ जागची हलली नाही. पिवळी धमक.

"बघा," काका म्हणाले, "बावनकशी घर आहे आमचं."

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावले. बांगडी फिरवली. मग म्हणाले, "आता समोरच्या बाजूनं घासा."

"समोरच्या म्हणजे?"

"छापाच्या समोर. इथे छाप, तर इथे. नाहीतर मी घासतो."

काकांनी घासली नाही. मी घासली, कारण माझा विश्वास होता. वरचे सोन्याचे पाणी जाईपर्यंत घासली. दुसरी रेघ पहिलीच्या शेजारी ओढली. ती तांबूस होती. तेजाब पडल्यावर ती बघता बघता विरली, जशी काही ओढलीच नव्हती. चारही बांगड्यांचे तेच. छापापाशी बावीस, बाकी सगळीकडे चौदाच्या आसपास.

घड्याळजींनी भिंग माझ्या हातात दिले. छापाच्या दोन्ही बाजूंना केसापेक्षा बारीक एकेक सांधा होता. जुनी बांगडी वितळवण्याआधी तिचा छाप असलेला तुकडा कापून घेतला होता आणि हलक्या सोन्याच्या नव्या बांगडीत बसवला होता. छाप खरा होता. त्याच्याभोवतीची बांगडी खोटी होती.

आणि तो सांधा माझ्या हातचा होता. आपला हात कोणीही ओळखतो. मी बाकावर नवीन असताना काकांनी चार काळ्या, पालिश न केलेल्या बांगड्या पुढे टाकून म्हटले होते, "छापाशेजारचा सांधा दिसला तर बघ." तो दिसला नाही. त्या कुणाच्या आहेत हे काकांनी सांगितले नाही, आणि काळ्या बांगडीवर आईचे नाव लिहिलेले नसते. माझे आजवरचे सर्वांत सुरेख काम ते.

घड्याळजी बांगड्या रुमालात बांधून परत देत म्हणाले, "मुलगा वाईट नाही हो. पण घर दोन बाजूंचं आहे." मुलगी बाहेर रिक्षात बसली होती. ती उतरलीसुद्धा नाही.

त्या दिवशी मी सगळ्या कारागिरांसमोर काकांना चोर म्हणालो. आईचे सोने खाल्ले म्हणालो. काका दगड पुसत राहिले. इतकेच बोलले, "सोनारानं कान टोचलेले बरे असतात. घड्याळजीनं टोचले, म्हणून जास्त दुखलं तुला." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच बाकावर बसलो. दुसरीकडे कोण घेणार? जिथे तिथे काकांचीच ओळख.

ती मुलगी आता दुसऱ्या घरी सुखात आहे असे कळते. तिला काही ठेवले तर तिच्या घरी प्रश्न निघतील. म्हणून काही ठेवत नाही. हेच माझे देणे समजावे.

कलम पाचवे. बांगड्यांचे काय करावे.

माझ्यामागे काकांनी चारही बांगड्या सर्व नातेवाइकांसमोर ऐरणीवर छिन्नीने तोडाव्यात. छापाची व समोरची अशा दोन रेघा दगडावर ओढून दाखवाव्यात. जेवढे सोने कमी भरेल तेवढे काकांनी पदरचे घालावे. त्या सोन्याच्या किमतीत दादाचा अर्धा वाटा आईसाठी विकत घ्यावा. वाट्याची किंमत किती, ह्यावर वाद होऊ नये. मी आजारी पडल्यावर दादाने माझा अर्धा वाटा मागितला होता आणि त्याची किंमतही स्वतःच सांगितली होती. तेव्हा तो म्हणाला होता, "छोट्या, जुन्या भिंती, वर गळतं छप्पर, ह्याहून एक पैसा जास्त कोण देईल?" त्याच्या अर्ध्यालाही तेच छप्पर आहे. तीच किंमत धरावी.

कलम सहावे. किरकोळ.

माझा छोटा काटा, त्याच्या काचेच्या पेटीसह, कारखान्यातल्या पालिशवाल्या मावशींना. त्यांच्याइतके स्वच्छ हात तिथे कुणाचे नाहीत. त्यांनी त्यावर काहीही वजन करू नये, नुसता खिडकीत ठेवावा.

कसोटीचा एक लहान दगड माझा स्वतःचा आहे. तो कुणाला द्यावा हे ठरत नाही. पुढे लिहीन.

भिंग मला घड्याळजींना द्यायचे होते. परंतु त्यांना मी साक्षीदार म्हणून बोलावले आहे, आणि साक्षीदाराला काही मिळाले तर अडचण येते असे ऐकले. त्यामुळे भिंग शेजारच्या खाटेवरच्या ट्रकचालकांना देणार होतो, तर तेही साक्षीला तयार झाले. ते म्हणाले, "भिंग ठेव बाबा, मला लांबचं बघायचं असतं." भिंग मावशींनाच.

बँकेतली शिल्लक आईला. फार नाही. औषधांनी खाल्ली.

कलम सातवे. हे कलम आधीच्या सहा कलमांनंतर, दुसऱ्या दिवशी लिहीत आहे.

आज दुपारी आई डबा घेऊन आली. सही करण्याआधी तिला सगळे वाचून दाखवावे असे मला वाटले. तिला अक्षर लागते, पण माझे बारीक अक्षर लागत नाही. मी वाचत गेलो. कपड्यांच्या राखेपाशी ती म्हणाली, "इतकं कशाला रे लिहायचं." गॅलरीच्या पलंगापाशी ती खिडकीबाहेर बघू लागली. पाचवे कलम झाले, तशी तिने डब्याचे झाकण घट्ट लावले आणि म्हणाली,

"ते काकांचं काढून टाक."

"का काढू? चोराला चोर म्हणू नको?"

"भाऊजींनी नाही खाल्लं सोनं."

मला वाटले, तिला कळले नाही. मी पुन्हा समजावू लागलो, छाप इथे, सांधा इथे. ती म्हणाली, "मला नको शिकवू. मीच काढायला लावलं."

शेजारच्या खाटेवरच्या ट्रकचालकांनी रेडिओ बंद केला.

"थोरल्याला दुकान टाकायचं होतं. चष्म्याचं. आगाऊ रक्कम भरायला त्याच्याकडे काय होतं? भाऊजी नको म्हणत होते, वहिनी बांगड्या मोडा आणि सरळ द्या. पण मोडल्या असत्या तर हात उघडे दिसले असते. चार लोकांत काय सांगणार होते? म्हणून म्हटलं, निम्म्याशिम्म्या राहू देत, वर छाप दिसू दे."

"आणि त्याच मला दिल्या? बायकोसाठी?"

"कोण घासून बघतं रे घरच्या सोन्याला!"

"घड्याळजींनी बघितलं, आई. तू तेव्हा घरात होतीस. मी काकांना चोर म्हणून आलो, तू मला पाणी दिलंस. तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले असते तर थोरला उघडा पडला असता. त्याचं तेव्हा नुकतं लग्न झालेलं. बायकोच्या माहेरच्यांना ठाऊक नव्हतं दुकान कशाचं ते."

"आणि माझं मोडलं ते?"

आई जे म्हणाली ते जसेच्या तसे लिहितो, कारण ह्या कागदात एवढेच वाक्य असे आहे ज्याला दुसरी बाजू नाही. ती म्हणाली,

"तुझे हात होते की तुझ्याजवळ. त्याच्याकडे काय होतं?"

मग तिने डबा उघडून मला दोन घास भरवले. मी खाल्ले. जाताना म्हणाली, "दादाला काही बोलू नकोस हं. मनाला लावून घेतो तो." मी म्हणालो, "बोलणार नाही." बोललो नाही. लिहितो आहे.

कलम आठवे. काकांविषयी दुरुस्ती.

कलम तिसऱ्यातील (इ) मध्ये 'चोर' आहे तिथे 'गप्प बसणारा' असे वाचावे. चार कारागिरांत पुतण्याने चोर म्हटले, तरी त्यांनी वहिनीचे नाव घेतले नाही. हे मी विसरलो असे कोणी म्हणू नये. कलम पाचव्यात त्यांच्यावर टाकलेली भरपाई रद्द.

मात्र (अ) आणि (आ) तसेच ठेवावेत. आईचे गुपित राखायला काकांना जमले, मग बाकाला खिडकी पाडायला का जमले नाही? गवंड्याचे अर्ध्या दिवसाचे काम होते.

कलम नववे. आई.

आईला दिलेले काहीही मी परत घेत नाही. खोल्या तिच्याच. रात्रभर, क्षमा करावी, दुपारभर विचार केला की रागाने हा कागद फाडावा आणि जे होईल ते होऊ द्यावे. तिने ज्याच्यासाठी सोने काढले त्याच्या गॅलरीत तिने पावसात भिजावे. मग लक्षात आले की ती भिजेल आणि तरीही म्हणेल, हवा छान येते. तिला शिक्षा होणारच नाही. ज्या शिक्षेने शिक्षा होत नाही ती करण्यात अर्थ नाही.

कसोटीचा माझा लहान दगड आईला. कुणाला द्यावा ते ठरत नव्हते, आता ठरले. त्यावरच्या दोन रेघा मी अजून पुसलेल्या नाहीत. एक मी दादाच्या अंगठीची ओढली होती, तो दुकान उघडून पहिल्यांदा घरी आला तेव्हा, गंमत म्हणून. पूर्ण बावीस. दुसरी आईच्या कानातल्याची, तेव्हाचीच. ती तेजाबाने खाल्ली, आता तिथे डागसुद्धा नाही, पण जागा मला माहीत आहे. आई, तो दगड तू स्वयंपाकघरात ठेव. वाटण करू नकोस त्यावर.

कलम दहावे व शेवटचे. बांगड्या.

कलम पाचवे रद्द. बांगड्या तोडू नयेत. घासू नयेत. पालिश करून, मऊ कापडात गुंडाळून, लाल डबीत ठेवाव्यात, नव्या नवरीला देतात तशा.

ह्या चारही बांगड्या माझा थोरला भाऊ, चष्म्यांच्या दुकानाचा मालक, ह्याला द्याव्यात. त्यांच्या बदल्यात त्याने खोल्यांतला आपला अर्धा वाटा आईच्या नावे करून द्यावा. वाट्याची किंमत त्यानेच सांगितलेली, कलम पाचव्यात लिहिली तशी. बांगड्यांची किंमत छापाप्रमाणे, म्हणजे बावीस कॅरटच्या भावाने, पूर्ण वजनावर धरावी. मी हिशेब दोनदा केला आहे. छापाच्या भावाने धरले तर दोन्ही पारडी बरोबर येतात, उलट दादाला थोडे जास्तच मिळते. तेवढे त्याने ठेवून घ्यावे. मी मिलिग्रॅम असलो तरी मेल्यावर घासाघीस करणार नाही.

दादाला हे मान्य नसेल, तर त्याने नातेवाइकांसमोर, त्याच्या बायकोच्या माहेरच्यांसमोर, स्वतःच्या हाताने एक बांगडी छापाच्या समोरच्या बाजूने घासून दाखवावी. रेघ विरली की सांगावे की ही बावीसची नाही, चौदाची आहे. मग सगळे विचारतील, आईच्या बांगडीतले बाकीचे सोने गेले कुठे. त्याचे उत्तरही त्यानेच द्यावे. काका गप्प बसतील, त्यांना सवय आहे. आई गप्प बसेल, तिला प्रेम आहे. मी तर गप्पच असेन. तेव्हा खोलीत बोलणारा एकटा दादाच उरतो. एवढे बोलूनही त्याला वाटा विकायचाच असेल, तर आईचा अर्धा वाटा विकायचा नाही हे कलम दुसऱ्यात आहेच. अर्ध्या गळक्या छपराला गिऱ्हाईक त्याने शोधावे.

माझी खात्री आहे की दादा घासणार नाही. तो बांगड्या हातात घेईल, छाप बघेल आणि म्हणेल, "ठीक आहे, छोट्याची शेवटची इच्छा आहे." डोळ्यांत पाणीही आणेल. ते पाणी आज मी आधीच हिशेबात धरले आहे.

आई, डबी त्याच्या हातात तू दे. देताना छापाची बाजू वर ठेव.

मी हे सर्व वाचून पाहिले आहे. एकही शब्द खोडलेला नाही. प्रत्येक पानावर सही केली आहे. उद्या ऑपरेशन आहे. त्यातून मी उठलो तर हा कागद मीच फाडीन, आणि मग ही सगळी माणसे मला पुन्हा जशीच्या तशी मिळतील. ह्या एका कारणासाठी उठावे की नाही, हे अजून ठरवलेले नाही.

सही
मिलिग्रॅम, सांधे जोडणारा

साक्षीदार पहिले: शेजारच्या खाटेवरचा ट्रकचालक. माझ्यासमोर सही झाली. आई आली तेव्हाचं बोलणंही माझ्यासमोर झालं. पोरगा शुद्धीवर होता. नसता तर बरं झालं असतं.

साक्षीदार दुसरे: घड्याळजी. पानं मोजली, सह्या भिंगातून पाहिल्या. सगळ्या एकसारख्या आहेत. ह्यांच्या घरी मी मुलगी दिली नाही, ते तेव्हा बरोबर होतं आणि आजही आहे, पण एक गोष्ट इथे लिहून ठेवावीशी वाटते. सही करताना ह्यांच्या हाताला कंप नव्हता.

ठिकाण: रुग्णालय, खिडकीकडची खाट
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, संध्याकाळ